धागा: कारागृहातले वृद्ध बंदी आणि मध्यरात्रीची धावपळ – यातलं टाळता येण्यासारखं किती?

उंबरठा (धागाकर्ता)

तुरुंगांच्या राष्ट्रीय आकडेवारीत वयाचे रकाने बघा. १८ ते ३०, ३० ते ५० आणि शेवटचा '५० व त्यापुढे'. एकावन्नचा गडी आणि ब्याऐंशीचे आजोबा एकाच रकान्यात. २०२२ अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो ती. यात साठीपुढचे किती, त्यांतल्या कितींना मधुमेह आणि कितींना रात्री-अपरात्री सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं, याचं उत्तर या तक्त्यांत मिळत नाही.

चर्चा नेहमी एकाच दिशेला जाते: तुरुंगात डॉक्टर कमी, सोयी कमी. ते खरंच आहे. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेत ३०० बंद्यांमागे एक वैद्यकीय अधिकारी धरलाय, आणि आर्थर रोडसारख्या ठिकाणी माणसं अनेकदा तीन हजारांच्या पुढे असतात. गणित आपापलं करा.

तरी माझं मत थोडं वेगळं आहे. म्हाताऱ्या बंद्याला रात्री दोनला स्ट्रेचरवर घालून न्यावं लागतं, त्याची तयारी बहुतेक वेळा आठवडाभर आधीच होऊन गेलेली असते. एक गोळी चुकते, चष्मा चौकीतच राहतो, जेवण पाचला होतं. अतिदक्षता विभाग मागण्याआधी हे बघायला नको का? जाणकारांनी नेमकं लिहावं. राजकारण जमल्यास दुसऱ्या धाग्यावर.

डॉ_काढा

आठवडा कसला, पहिले तीन दिवस म्हणा.

अटक झाली की गोळ्यांचा डबा घरी राहतो. पोलिस कोठडी, न्यायालय, मग कारागृह, अशा तीन जागा बदलतात आणि प्रत्येक ठिकाणी 'पुढे मिळतील' असं सांगितलं जातं. तरुणाला फार फरक पडत नाही. म्हाताऱ्याच्या बाबतीत कुठली गोळी थांबली यावर सगळं आहे.

स्टेंट घालून सहा महिनेही झाले नसतील आणि क्लोपिडोग्रेल-ॲस्पिरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बंद पडल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. रक्तदाब-हृदयासाठीचं मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल एकदम थांबलं तर नाडी उसळते आणि छातीत दुखायला लागतं. पार्किन्सनची लेवोडोपा एकदम तुटली तर माणूस लाकडासारखा ताठ होतो, ताप चढतो, गिळता येत नाही. फिटची गोळी चुकली तर काय होतं ते सांगायला नको. वर्षानुवर्षं रोज रात्री अल्प्राझोलाम घेणाऱ्याची 'झोपेची गोळी' तुरुंगात हमखास बंद होते, कारण तिचा गैरवापर होतो. मग दोन-चार दिवसांत थरथर, भास, कधी फिट, आणि नोंद होते 'वेड्यासारखं वागतो'.

दारूचंही तसंच. शेवटच्या घोटानंतर ४८ ते ९६ तासांत भ्रम होतो. सत्तरीच्या माणसाला दारूचं कोणी विचारत नाही, 'आजोबा कुठे पिणार' म्हणून. विचारायला हवं. सलाइनमधून ग्लुकोज चढवण्याआधी थायामिन (ब१ जीवनसत्त्व) द्यायला हवं, तेही राहून जातं.

तेव्हा दाखल होताना प्रश्न 'काय आजार आहे' असा नको. 'रोज सकाळी काय गिळता, रात्री काय, शेवटची गोळी कधी घेतली' असा हवा. 'आजार नाही' म्हणणारेही चार गोळ्या सांगतात.

करवंद

वाचतेय. डॉक्टरांना दंडवत.

पक्का_पुरावा

डॉक्टरांनी सांगितलेल्या तीन जागांत कायद्याने काय हाताशी आहे ते लिहितो.

अटकेपूर्वी: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५(७). तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस दुर्बल किंवा साठीपुढचा असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक नाही. १ जुलै २०२४ पासून लागू आहे, आणि अजून ते निम्म्या लोकांना ठाऊक नाही.

अटक झाल्यावर: कलम ५३ खाली वैद्यकीय तपासणी होते. तिची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला मिळायला हवी. ही प्रत मागून घ्या. पुढे 'आधीपासून आजार होता का' हा वाद निघाला की हाच कागद बोलतो. कलम ५६ प्रमाणे ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्याने त्याच्या प्रकृतीची वाजवी काळजी घ्यायची आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालापासून (१९९६) कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी.

पहिल्या रिमांडला: इथे सगळे चुकतात. वकिलाचं सगळं लक्ष कोठडी किती दिवसांची यावर. त्याच वेळी एक पानी अर्ज द्यायचा: आजार, औषधांची नावं व मात्रा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि विनंती एवढीच की औषधं चालू ठेवावीत व कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासून नोंद करावी. आदेश तोंडी नको, रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत) हवा आणि वॉरंटसोबत कारागृहात जायला हवा. नुसत्या 'योग्य ते उपचार द्यावेत' या ओळीने काही होत नाही. औषधाचं नाव असलेला आदेश पाळला जातो, कारण तो पाळला नाही हे दाखवता येतं.

घड्याळजी

औषधं नातेवाईक थेट देऊ शकतात का?

पक्का_पुरावा

@घड्याळजी, फाटकावर सुट्या गोळ्या कोणी घेणार नाही, आणि घेऊही नयेत. पाकीटबंद पट्टी, तारखेसह चिठ्ठी, दुकानाचं बिल. तीही आधी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जातात, मग बंद्याकडे. चिठ्ठी ब्रँडच्या नावाने असते आणि तुरुंगाच्या औषधखोलीत तेच औषध दुसऱ्या नावाने असतं, त्यामुळे 'हे नाही आमच्याकडे' असं उत्तर मिळतं. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून आणा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

टाळेबंद

इथे सगळे तुरुंगाबाहेरून बोलताहेत म्हणून आतली बाजू.

संध्याकाळी सहाच्या सुमारास गिनती होऊन बराकी बंद होतात. किल्ल्या कार्यालयात जमा. रात्री दोनला एखाद्याच्या छातीत दुखलं तर क्रम असा: बराकीतले बंदी गज वाजवतात, पहाऱ्यावरचा शिपाई येतो, तो रात्रपाळीच्या अधिकाऱ्याला कळवतो. अधिकारी आल्याशिवाय बराक उघडत नाही, कारण आत साठ-सत्तर माणसं आणि बाहेर दोन शिपाई. मग कारागृह रुग्णालय, तिथे मिश्रक (कंपाउंडर) किंवा परिचर. डॉक्टर निवासस्थानी असतील तर येतात. त्यांनी 'बाहेर हलवा' लिहिलं की पोलिस मुख्यालयाला फोन, कैदी पार्टी, म्हणजे सोबत जाणारी पोलिस तुकडी हवी. ती आली की गाडी. यात कोणी आळशी नाही, तरी तास-दोन तास सहज जातात.

आणि एक अप्रिय गोष्ट. बाहेरच्या दवाखान्यात जायला नाटक करणारेही असतात. बाहेर मोबाइल मिळतो, घरचे भेटतात, कधी माणूस पळूनही जातो. पुण्यात २०२३ मध्ये ससून रुग्णालयाच्या कैदी वॉर्डातून आरोपी पळाला, तेव्हा राज्यभर काय गदारोळ झाला आठवत असेल. त्यानंतर 'पाठवा' लिहिताना कुठल्याही डॉक्टरचा हात थांबणारच. त्याची किंमत खरा आजारी म्हातारा मोजतो, हे मान्य.

डॉ_काढा

@टाळेबंद, नाटकाचा मुद्दा मान्य, पण तो ओळखायचा अंदाजाने नाही. ईसीजी पाच मिनिटांत निघतो. यंत्र कारागृह रुग्णालयात असलं, रात्री ते लावणारा एक माणूस असला आणि कागदाचा फोटो बाहेरच्या डॉक्टरला गेला, की निम्मा वाद संपतो. आणि पहिला ईसीजी साधा आला तरी दुखणं चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढायचा. 'ईसीजी नॉर्मल, बराकीत परत' या चार शब्दांनी माणसं गेली आहेत.

दुसरं, म्हाताऱ्या मधुमेहीला हार्ट ॲटॅक येतो तेव्हा तो छाती धरून कोसळेलच असं नाही. घाम सुटतो, दम लागतो, मळमळतं, 'गॅस झालाय' म्हणतो. नाटक करणारा नेमका छाती धरतो. ज्याला खरं होतं तो अँटासिड मागतो!

संशय आला की ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्यायची, ॲलर्जी किंवा चालू रक्तस्राव नसेल तर. तिला गार्ड लागत नाही. पक्षाघाताचं घड्याळ आणखी कडक: गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साडेचार तास, तेही लक्षणं सुरू झाल्यापासून. त्याआधी सीटी स्कॅन व्हायला हवा. 'शेवटचा नीट कधी दिसला' ही वेळ लिहून पाठवली नाही तर मोठ्या दवाखान्यातही काही करता येत नाही. आणि पक्षाघाताच्या संशयात ॲस्पिरिन देऊ नका, मेंदूत रक्तस्राव आहे की गुठळी हे सीटीशिवाय कळत नाही.

बिनखांबी

थोडक्यात, अँटासिड मागितलं तर ससून, छाती धरली तर बराक. हलकं घ्या.

सलाईनवाली

जेवणाच्या वेळेबद्दल उंबरठा यांनी अर्धं वाक्य लिहिलंय, ते पूर्ण करते. रात्रीच्या कॉलमधलं सगळ्यांत टाळता येण्यासारखं तेच आहे.

संध्याकाळचं जेवण टाळेबंदीच्या आधी वाटून होतं. सकाळचा चहा-नाश्ता दुसऱ्या दिवशी सातच्या आसपास. म्हणजे तेरा-चौदा तास पोट रिकामं. बाहेर ग्लायमिपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचा डोस ठरतो तो रात्री नऊला जेवणाऱ्या माणसासाठी. तोच डोस इथे, त्यात वय सत्तर आणि मूत्रपिंड थकलेलं. रात्री दोन-तीनला साखर ७० च्या खाली जाते, माणूस घामाने भिजतो, बडबडतो, शेजाऱ्याला ढकलतो. शेजारी ओरडतात 'म्हातारा पिसाळला'. इन्सुलिनवाल्यांचं आणखी अवघड. सुई बराकीत ठेवता येत नाही, म्हणून इंजेक्शन रुग्णालयात. रांगेत इंजेक्शन साडेतीनला झालं आणि जेवण पाचला आलं, तर घोळ तिथेच.

शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, कमीच असेल तर पुन्हा तीन चमचे, मग पोळी किंवा बिस्किटं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून. आणि इथे सगळे फसतात: ग्लिबेनक्लामाइडवाला शुद्धीवर आला, हसला, बोलला, म्हणून बराकीत परत पाठवला. गोळीचा अंमल चालूच असतो, चार तासांनी साखर पुन्हा पडते. त्याला दिवसभर तरी डोळ्यांसमोर ठेवायचं.

उपाय फुकट आहे. दाखल होतानाच गोळी आणि जेवणाची वेळ जुळवायची, आणि मधुमेही बंद्याला रात्री जवळ गूळ-शेंगदाणे किंवा बिस्किटं ठेवायची लेखी मुभा. कॅन्टीनमध्ये मिळतात, पण कॅन्टीनला खात्यावर पैसे लागतात. ज्याची मनीऑर्डर येत नाही त्या म्हाताऱ्याचं काय, हे डॉक्टरने लिहून द्यायला हवं.

धुळाक्षर

@सलाईनवाली, 'लिहून द्यायला हवं' याला आधार आहे. कारागृह अधिनियम जुना, १८९४ चा, पण कलम ३८ कामाचं आहे. औषध पुरवण्याच्या आदेशांखेरीज वैद्यकीय अधिकाऱ्याच्या बाकीच्या सूचना बंद्याच्या हिस्ट्री टिकटावर, म्हणजे त्याच्या कारागृहातल्या नोंदपत्रावर रोजच्या रोज नोंदवायच्या, आणि तुरुंगाधिकाऱ्याने प्रत्येक सूचनेपुढे ती पाळली की नाही हे लिहायचं. 'रात्री खाऊ जवळ ठेवावा', 'खालच्या मजल्यावर ठेवावे', 'काठी बाळगू द्यावी' हे सगळं तिथे बसतं. कलम ३७ प्रमाणे डॉक्टरला भेटायचंय म्हणणाऱ्याचं नाव विनाविलंब वर कळवायचं आहे. म्हणजे शिपायाने 'उद्या बघू' म्हणणं हा त्याचा अधिकारच नाही. कलम ३१ खाली न्यायाधीन बंद्याला परवानगीने स्वतःचं अन्न, कपडे, बिछाना घेता येतो. दात नसलेल्याला मऊ भात-वरण हवं असेल तर दार इथून उघडतं, प्रत्यक्षात बहुतेकदा न्यायालयाचा आदेश काढावा लागतो.

मोगरी

बिछान्यावरून आठवलं, संडासाबद्दल कोणी बोललंच नाही. लाज वाटते का सगळ्यांना?

बराकीतला संडास बसका, कोपऱ्यात, फरशी ओली. गुडघे गेलेला माणूस काय करतो? पाणी पिणं कमी करतो, रात्री उठायला नको म्हणून. मग बद्धकोष्ठ, त्यातून प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी तुंबणं, मूत्रमार्गाचा संसर्ग, तापात भ्रम. नागपूरसारख्या ठिकाणी मे महिन्यात हाच माणूस पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारं औषध घेत असेल, तर उष्माघात वेगळा. शेवटी तुम्ही ससूनला किंवा नागपूरच्या सरकारी मेडिकल रुग्णालयाला नेता ते 'लघवी अडली' म्हणून. खरं कारण बसका संडास.

उपाय साधा: मध्ये भोक असलेली कमोड खुर्ची, भिंतीला एक दांडी, आणि संडासाजवळची झोपायची जागा. पण बराकीत संडासाजवळची जागा कमीपणाची असते, नव्याला किंवा गरिबाला मिळते. म्हाताऱ्याला ती 'सोय' म्हणून दिली तर त्याला अपमान वाटतो. बराकीतल्या लोकांशी बोलून ठरवावं लागतं, नुसत्या आदेशाने होत नाही.

डॉ_काढा

मोगरी, धाग्यातला सगळ्यांत उपयोगी प्रतिसाद.

पडण्याबद्दल जोड: पडल्यावर एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलंय असं धरून चाला. दोघांनी काखेत हात घालून चालवत नेऊ नका, चादरीवर आडवं उचला. शस्त्रक्रिया दोन दिवसांच्या आत झाली तर माणूस पुन्हा चालण्याची आशा. इथे 'आज पार्टी नाही, उद्या' म्हटलं की फुप्फुसं भरतात, पाठीला जखमा होतात.

गवतीचहा

कान आणि डोकं राहिलं.

गिनतीच्या वेळी नाव पुकारलं, उत्तर नाही: शिस्तभंग. कमी ऐकू येतं हे कुणी तपासलेलं नसतं. दुसऱ्याच्या बिछान्यावर जाऊन झोपला: भांडण. स्मृतिभ्रंश असू शकतो. काल ठीक होता आणि आज एकाएकी दिवस-रात्र उलटी, लक्ष टिकत नाही, कधी गुंगीत, कधी भडकलेला, तर तो भ्रम. भ्रमामागे संसर्ग, साखर, सोडियम, अडलेली लघवी किंवा बंद पडलेली गोळी असं काहीतरी असतंच. स्मृतिभ्रंश महिन्यांत वाढतो, भ्रम तासांत. पहिल्याला वॉर्ड बदलून भागेल, दुसऱ्याला आजच दवाखाना. शिपायाला एवढा फरक शिकवायला एक दुपार पुरते. वाक्य एकच: 'कालपर्यंत असा नव्हता' असं बराकीतल्या कुणीही म्हटलं, की डॉक्टर.

बोरकूट

चष्म्यावरून आठवण. तळोजा कारागृहात एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी, पार्किन्सन असलेल्या फादर स्टॅन स्वामींना सिपर आणि स्ट्रॉसाठी न्यायालयात अर्ज करावा लागला, नोव्हेंबर २०२० मध्ये. ५ जुलै २०२१ ला ते रुग्णालयात वारले, वय ८४, खटला सुरू व्हायचा होता. २०२० च्याच शेवटी त्याच प्रकरणातल्या गौतम नवलखांचा चष्मा हरवला, घरून आलेलं पार्सल परत गेलं, मुंबई उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. धागाकर्त्यांनी राजकारण नको म्हटलंय, पण म्हाताऱ्या हाताला कप धरता येत नाही हे राजकारण नाही.

बिनखांबी

आरोप काय होते ते पण लिहा की मग.

बोरकूट

@बिनखांबी, हात थरथरायचा थांबणार असेल तर लिहितो.

उंबरठा

दोघंही थांबा. मुद्दा वस्तूंचा आहे, तेवढाच ठेवू. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र आणि त्याच्या बॅटऱ्या, काठी, इनहेलर, कमरेचा पट्टा. या वस्तू झडतीत काढून घेतल्या जातात आणि 'मालमत्ता' म्हणून जमा होतात. दाखल होताना डॉक्टरने 'वैद्यकीय गरज' लिहिलं की त्या मालमत्तेतून बाहेर येतात. धातूची काठी नाकारली तर लाकडी किंवा वॉकर, पण 'काठी नाही' हे उत्तर नको.

सॅनहोजेकर

कॅलिफोर्नियातून. इथे 'जेल' म्हणजे काउंटीचा, बहुतेक खटला चालू असलेले किंवा छोट्या शिक्षेचे. 'प्रिझन' म्हणजे राज्याचा, मोठ्या शिक्षेचे. जेलमध्ये माणसं काही दिवसांत आत-बाहेर होतात, त्यामुळे म्हाताऱ्याचा आजार आतल्या डॉक्टरला कळेपर्यंत तो बाहेर, आणि बाहेर आल्यावर थेट इमर्जन्सी रूम. तुरुंगात शरीर लवकर म्हातारं होतं म्हणून इथले अभ्यासक ५० किंवा ५५ पासूनच 'वृद्ध' धरतात.

१९७६ च्या एस्टेल विरुद्ध गॅम्बल निकालापासून गंभीर वैद्यकीय गरजेकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं घटनाबाह्य. पण पैशाचा घोळ आहे: मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, १९६५ पासूनच आतल्या माणसाचा खर्च देत नाही, अपवाद फक्त बाहेरच्या रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला पहिल्यांदा सुटकेआधीच्या ९० दिवसांत मेडिकेडची काही सेवा द्यायची परवानगी मिळाली. डॉक्टरला भेटायला बंद्याकडून ५ डॉलर घ्यायची पद्धत होती, ती इथे २०२० पासून कायद्यानेच बंद. ५ डॉलर वाचवायला लोक दुखणं अंगावर काढायचे आणि मग अँब्युलन्सचे हजारो.

टाळेबंद

सुटकेचा विषय निघाला ते बरं. आपल्याकडे जामीन होतो संध्याकाळी, कागद पोचतात रात्री किंवा सकाळी, आणि आजोबा फाटकाबाहेर उभे, हातात कापडी पिशवी, औषध शून्य. आत दोन वर्षं वेळेवर गोळ्या घेतलेला माणूस बाहेर चार दिवसांत कोसळतो.

डॉ_काढा

वॉशिंग्टन राज्यातला २००७ चा अभ्यास आहे: सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका आसपासच्या सामान्य लोकांपेक्षा १२.७ पट. त्यात ड्रग्जचा वाटा मोठा, तो आपल्याला तसाच लागू नाही, पण हृदयविकारही कारणांत होता.

निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या, शेवटचा ईसीजी आणि रक्ततपासणीची प्रत, क्षयाचं औषध चालू असेल तर घराजवळच्या केंद्राचं नाव. सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान कार्ड निघतं, त्याला आधार लागतं, आणि आधार कारागृहाच्या मालमत्ता खोलीत किंवा पोलिसांकडे जप्त. सुटकेच्या दिवशी ते परत मागून घ्या.

पक्का_पुरावा

वैद्यकीय जामिनाबद्दल व्यक्तिगत निरोप येताहेत म्हणून इथेच.

संहितेच्या कलम ४८० मध्ये आजारी किंवा दुर्बल माणसाला सवलतीची तरतूद आहे, मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम ४५ मध्येही. यूएपीएत (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात) तशी ओळ नाही, तरी एल्गार परिषद प्रकरणातल्याच वरवरा रावांना मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सहा महिन्यांचा जामीन दिला तो प्रकृती आणि जगण्याच्या हक्कावर, पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

अर्ज कशामुळे पडतात? 'वय ७२, मधुमेह, रक्तदाब' एवढंच लिहिल्याने. न्यायालय कारागृहाचा अहवाल मागवतं, तो 'प्रकृती स्थिर, उपचार सुरू' असा येतो, संपलं. नुसत्या आजाराच्या नावाला वजन नाही. लागतो तो हिशेब: गेल्या सहा महिन्यांत किती वेळा बाहेर न्यावं लागलं, तज्ज्ञाने कुठल्या तारखेला बोलावलं होतं आणि पार्टी न मिळाल्याने किती तारखा हुकल्या, कुठली तपासणी सुचवूनही झाली नाही. हे केसपेपर आणि हिस्ट्री टिकटाच्या प्रती मागून मिळतं. 'हे उपचार आत होऊ शकत नाहीत' हे तारखांनी दाखवा, विशेषणांनी नको. आणि वैद्यकीय मंडळ मागायचं तर त्यात आजाराच्या विषयाचा तज्ज्ञ असावा हे विनंतीतच लिहा. नाहीतर मेंदूच्या आजाराला हाडांचे डॉक्टर.

करवंद

दवाखान्यात खाटेला बेडी घालतात ते कायदेशीर आहे का?

धुळाक्षर

१९९५ चा सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी विरुद्ध आसाम हा निकाल नेमका रुग्णालयातल्या खाटेला बांधलेल्यांचाच. दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बेडी नाही असं त्यात आहे. नव्या संहितेच्या ४३(३) मध्ये काही गुन्ह्यांसाठी बेडीची मुभा आली, ती अटक आणि न्यायालयात हजर करण्यापुरती. खुबा मोडलेला माणूस पळणार कुठे, हा साधा प्रश्न कुणी विचारत नाही.

उंबरठा

मूळ प्रश्नावर येऊ या का? टाळता येण्यासारखं किती?

टाळेबंद

टक्केवारी देणार नाही, खोटी होईल. पण क्रमात अदलाबदल सुचवतो. जीवघेण्या लक्षणांची एक छोटी यादी: छातीत दुखणं किंवा घाम-दम, तोंड-हात वाकडं, बेशुद्धी, साखर देऊन न आलेली शुद्धी, रक्ताची उलटी, मोडलेला खुबा. यात असेल तर १०८ आधी, कारागृहाचेच दोन कर्मचारी सोबत, कैदी पार्टी थेट दवाखान्यात पोचेल. बाकी सगळं सकाळी. अधीक्षकाने हे लेखी काढलं तर रात्रपाळीच्या अधिकाऱ्याला स्वतःच्या जबाबदारीवर धाडस करावं लागत नाही. आता तो पाठवतो तेव्हा 'पळाला तर?' याला घाबरतो आणि ठेवतो तेव्हा 'मेला तर?' याला. मेल्यावर २४ तासांत मानवी हक्क आयोगाला कळवायचं, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी, शवविच्छेदनाचं चित्रीकरण. ती वही कशी भरायची ते सगळ्यांना पाठ आहे.

सलाईनवाली

आणि येरवड्याहून ससून जवळ आहे, तळोज्याहून मुंबईचं जेजे रुग्णालय कितीतरी लांब. एकच यादी दोन्हीकडे चालेल, पण 'कुठे न्यायचं' हे आधीच ठरलेलं हवं. पक्षाघाताला सीटी यंत्र नसलेल्या जवळच्या दवाखान्यात नेणं म्हणजे साडेचार तासांतले दीड वाया.

मोगरी

एक कार्ड करू या का? आजार, औषधाचं मूळ नाव, मात्रा, वेळ, ॲलर्जी, चष्मा-कान-काठी, घरचा एक फोन. एक प्रत हिस्ट्री टिकटाला, एक बंद्याजवळ. मराठी आणि हिंदी दोन्हीत, कारण रात्री ते वाचणारा बहुतेक वेळा शेजारचा बंदीच असणार.

घड्याळजी

जाड अक्षरात करा. ज्याच्याजवळ ठेवायचं त्याचा चष्मा मालमत्तेत असतो.

पक्का_पुरावा

मसुदा मी टाकतो उद्या. डॉक्टर, औषधांच्या रकान्यात 'ही गोळी एकदम थांबवू नये' यासाठी खूण हवी, ती कुठल्या गोळ्यांना ते तुम्ही भरा.

डॉ_काढा

भरतो. लाल खूण नको, तुरुंगातला झेरॉक्स काळा-पांढरा असतो. चौकोनात फुली ठेवा.